आगीला विचारून केलेली सजावट: महायुद्धानंतरच्या प्रवासी बोटींच्या आत

मुंबईत रे रोड स्टेशनच्या पूर्वेला दारूखाना आहे. जुन्या बोटी तोडायच्या आणि त्यांचं सामान विकायचं, हा तिथला पिढ्यांचा धंदा. तिथल्या एका दुकानात मी एक टेबल पाहिलं. साधं, चौकोनी, सागवानी. पण चारही कडांना बोटभर उंचीची लाकडी पट्टी होती आणि ती बिजागरीवर बसवलेली होती. दुकानदाराने पट्टी खाली पाडली, तेव्हा ते नेहमीचं टेबल झालं. पट्टी वर उचलून खटका लावला, तेव्हा त्याचं काठ असलेलं ताट झालं. "दर्या खवळला की जेवण मांडीवर येऊ नये म्हणून," तो म्हणाला. मग त्याने टेबल उलटं केलं. तळाशी पितळेची कडी होती. तिच्यातून साखळी ओवून टेबल जमिनीला बांधत असत.

त्या टेबलापासून मला या विषयाची गोडी लागली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पंचवीसेक वर्षांत युरोप-अमेरिकेने ज्या मोठ्या प्रवासी बोटी बांधल्या, त्यांच्या आतली चित्रं, शिल्पं, खुर्च्या, जिने यांबद्दल वाचताना सुरुवातीला मला वाटायचं की ही श्रीमंतांची हौस. इंजिनिअरने बोट बांधायची आणि शेवटी चित्रकाराने येऊन ती नटवायची. प्रकार तसा नव्हता. बोटीवर चित्र कशावर काढायचं, खुर्ची कशाची करायची, छताला कोणता रंग द्यायचा, हे आग, वजन आणि हेलकावे ही तीन माणसं आधी ठरवत. त्यांच्यानंतर देशाचा अभिमान बोलायचा आणि सगळ्यात शेवटी कलाकार.

हेलकाव्यांपासून सुरुवात करू. घर बांधताना सुतार गुण्या लावून चौकट बसवतो आणि गवंडी ओळंबा सोडून भिंत उभी करतो. बोटीवर ही दोन्ही हत्यारं निरुपयोगी होती. पाणी वाहून जावं म्हणून डेक मध्ये किंचित फुगीर आणि दोन्ही बाजूंना उतरता ठेवत. शिवाय बोटीची पुढची आणि मागची टोकं वर उचललेली असत. त्यामुळे मोठ्या दालनात एका भिंतीची उंची दुसरीपेक्षा वेगळी, दरवाजाची चौकट तिरकी, कपाटाचा तळ वाकडा. कामगार प्रत्येक कपाट जागेवर नेऊन तासून बसवत. ओळंबा तर डोलत्या बोटीत भिंतीशी जुळतच नाही.

डोळ्यांनाही हाच त्रास. दालनात उंच, सरळ, उभ्या रेषा असल्या आणि बोट डोलू लागली, की माणसाला आपण कलतोय हे चटकन कळतं आणि बोट लागते. लटकती झुंबरं घेतली तर ती सरळ लोंबतात आणि खोली त्यांच्याभोवती फिरते. म्हणून दिवे छतात लपवलेले, खुर्च्या बुटक्या आणि जड बुडाच्या, टेबलांचे कोपरे गोल, जिथे हात पडेल तिथे कठडा. वादळात वेटर टेबलक्लॉथवर पाणी शिंपडत, म्हणजे ओल्या कापडावर बशा घसरत नसत. १९५० साली 'चुसान' ही पी अँड ओ कंपनीची बोट मुंबईच्या फेऱ्यांवर आली. डोल कमी करणारे पंख पाण्याखाली बसवलेली ती पहिल्या मोठ्या प्रवासी बोटींपैकी एक. माशाच्या परांसारखे ते दोन्ही बाजूंना बाहेर येत आणि बोट ज्या बाजूला कलेल त्याच्या उलट जोर लावत. अशा सोयींनंतर सजावटकारांना थोडी मोकळीक मिळाली, पण टेबलाच्या कडेची पट्टी गेली नाही.

आता आग. जमिनीवरच्या इमारतीला आग लागली तर माणूस रस्त्यावर पळतो. भर समुद्रात पळायला रस्ता नसतो. ८ सप्टेंबर १९३४ रोजी अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ 'मॉरो कॅसल' ही बोट पेटली आणि १३७ माणसं दगावली. आतल्या भिंतींवर लाकडाचे सुंदर पातळ पापुद्रे चिकटवलेले होते, वर पॉलिशचे थर होते. आग त्यांच्यावरून धावत गेली. ९ फेब्रुवारी १९४२ ला न्यूयॉर्कच्या धक्क्यावर 'नॉर्मंडी' पेटली. फ्रान्सची ही बोट तिच्या काळातली सर्वांत देखणी मानली जायची. युद्धात सैनिक वाहण्यासाठी तिच्यात बदल चालू होते, वेल्डिंगच्या ठिणग्या जीवरक्षक जॅकिटांच्या ढिगावर पडल्या आणि भडका उडाला. विझवण्यासाठी इतकं पाणी मारलं की त्या वजनाने बोट धक्क्यालाच आडवी झाली.

या दुर्घटनांनी सगळ्यांना जागं केलं. १९४८ च्या आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा कराराने आगीपासून बचावाच्या तीन वाटा मान्य केल्या. बोटीच्या आतल्या सौंदर्याचा नकाशा या तीन वाटांनी आखला, म्हणून त्या नीट समजून घ्यायला हव्यात. पहिली वाट अमेरिकेची: भिंती आणि आडोसे जळणारच नाहीत अशा वस्तूंचे करा. दुसरी ब्रिटनची: लाकूड वापरा, पण उष्णता वाढली की छतातून पाण्याचे फवारे आपोआप सुटले पाहिजेत. तिसरी फ्रान्सची: बोटीचे लहान लहान कप्पे पाडा, प्रत्येकात आगीची सूचना देणारी यंत्रं बसवा आणि पेट घेणाऱ्या वस्तू मोजून मापून वापरा. त्यामुळे पन्नाशीच्या दशकातल्या ब्रिटिश बोटीत अक्रोड आणि शिसवीचा उबदार तपकिरी रंग दिसतो आणि अमेरिकन बोटीत धातूची चमक. दोन्ही देशांच्या आवडीनिवडींत फरक होताच, पण त्याच्या मुळाशी हा नियम होता.

पहिल्या वाटेवर सर्वांत लांब कोणी गेलं असेल तर ती 'युनायटेड स्टेट्स' ही बोट. विल्यम फ्रान्सिस गिब्ज हा तिचा रचनाकार आणि आगीबद्दल तो अक्षरशः झपाटलेला होता. जुलै १९५२ मध्ये तिने पहिल्याच फेरीत अटलांटिक महासागर ३ दिवस १० तास ४० मिनिटांत पार केला. सरासरी ३५.५९ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ६६ किलोमीटर. या वेगामागे सरकारी पैसा होता, कारण युद्ध झालंच तर तिच्यातून १४ हजार सैनिक नेता यावेत अशी अट होती. म्हणजे ही एकाच वेळी आलिशान बोट होती आणि लपवलेली सैनिकी बोटही. गिब्जने फर्मान काढलं: लाकूड नको. शेवटी बोटीवर मोजून दोन ठिकाणी लाकूड राहिलं, खाटकाचा ठोकळा आणि पियानो. गिब्जला पियानोसुद्धा ॲल्युमिनियमचा हवा होता. पियानो बनवणाऱ्यांनी सहज न पेटणारं महोगनी वापरलं आणि त्याच्यावर पेट्रोल ओतून काडी लावून दाखवली, तेव्हा कुठे तो मानला, अशी गोष्ट सांगतात.

या बोटीच्या सजावटीची सूत्रं डोरोथी मार्कवाल्ड आणि ॲन अर्कहार्ट या दोन स्त्रियांकडे होती. त्यांच्यापुढचा पेच डोळ्यांसमोर आणून पाहा. शेकडो खोल्या, हजारो खुर्च्या, पडदे, चादरी, आणि लाकूड नाही, लोकर-सुताचा भरवसा नाही. त्यांनी खुर्च्यांचे सांगाडे ॲल्युमिनियमचे केले. पडदे आणि गाद्यांची कापडं काचेच्या धाग्यांची आणि कृत्रिम धाग्यांची विणून घेतली. कपाटात कोट टांगायचे हँगरसुद्धा ॲल्युमिनियमचे. मग कलाकारांना बोलावलं आणि सांगितलं, कॅनव्हास विसरा. पहिल्या वर्गाच्या भोजनगृहात ग्वेन लक्स या शिल्पकार बाईंनी स्वातंत्र्य या कल्पनेवर चार मोठ्या आकृती घडवल्या, त्या फेसाळ, म्हणजे आत बुडबुडे असलेल्या हलक्या काचेच्या. नृत्यदालनात चार्ल्स गिल्बर्टने काचेच्या तक्त्यांवर समुद्राच्या तळाचं जग कोरलं. एका दालनाला नवाहो आदिवासींच्या वाळूच्या रांगोळ्यांवरून सजवलं, ते काम पीटर ओस्तुनीचं.

या बोटीची छायाचित्रं पाहताना मला ती थोडी थंड वाटते, हे कबूल केलं पाहिजे. इस्पितळाची स्वच्छता तिच्यात आहे. पण काळा, लाल, निळा असे ठसठशीत रंग आणि त्यांच्यामधून धातूच्या बारीक रेषा पाहिल्या, की त्या दोघींनी नकारातून काय उभं केलं ते कळतं. हे करू नका, ते वापरू नका, अशा यादीतून त्यांनी स्वतःची एक शैली काढली. पुढे जगभरातल्या विमानतळांत आणि कचेऱ्यांत जी धातू-काच-प्लास्टिकची भाषा रुळली, तिची झलक इथे आधी दिसते.

तिसरा मुद्दा वजनाचा. आपल्याकडे डोईजड हा शब्द आहे, बोटीसाठी तो शब्दशः खरा. वरच्या मजल्यांवर वजन वाढलं की बोटीचा तोल डोक्याकडे सरकतो आणि ती जास्त कलते, सावरायला वेळ लावते. प्रवाशांना तर उंचावर, हवेशीर, उजेडाची दालनं हवी असतात. यावर तोड ॲल्युमिनियमची. लोखंडापेक्षा ते जवळपास तिपटीने हलकं. 'युनायटेड स्टेट्स'वर दोन हजार टनांहून अधिक ॲल्युमिनियम वापरलं. वजन वाचलं की वर एखादा मजला चढवता येतो, मोठ्या काचा लावता येतात, खांब बारीक करता येतात. साठच्या दशकातल्या बोटी उजळ आणि मोकळ्या दिसतात, त्याचं बरंचसं श्रेय या धातूला आहे. भिंतींवर लाकडाऐवजी पातळ लॅमिनेट आलं तेही याच हिशेबात. आपण ज्याला सरसकट सनमायका म्हणतो, त्याचे परदेशी भाऊबंद तिथे मोठ्या मानाने बसले.

इटलीची गोष्ट वेगळी, आणि मला सर्वांत प्रिय. युद्धात तिच्या नावाजलेल्या बोटी गेल्या. १९३३ साली अटलांटिक सर्वांत वेगाने पार करण्याचा मान मिळवणारी 'रेक्स' १९४४ मध्ये विमानहल्ल्यात बुडाली. देश हरलेला, पैसा नाही, वेगात किंवा आकारात अमेरिकेशी बरोबरी शक्य नाही. मग इटलीने ठरवलं की आपल्याकडे जे कुणाकडे नाही ते दाखवू. 'आंद्रेआ दोरिया' ही बोट जानेवारी १९५३ मध्ये जेनोवाहून न्यूयॉर्कला निघाली. लांबी २१२ मीटर, प्रवासी साधारण बाराशे. तीन वर्गांसाठी उघड्यावर तीन वेगवेगळे पोहण्याचे तलाव. आत जिओ पॉन्ती, निनो झोनकादा, जूल्यो मिनोलेत्ती अशा वास्तुकारांनी चित्रकार, कुंभार, विणकर यांची अख्खी फौज कामाला लावली होती.

पहिल्या वर्गाच्या दालनात साल्वातोरे फ्यूमे याचं भित्तिचित्र होतं. सुमारे ४८ मीटर लांब आणि ३ मीटर उंच, दालनाला वेढून जाणारं. त्यात त्याने एक काल्पनिक इटालियन शहर रंगवलं. चौक, कमानी, गल्ल्या, आणि त्या गल्ल्यांतून इटलीच्या महान चित्रकारांच्या आणि शिल्पकारांच्या प्रसिद्ध कृती मांडलेल्या. न्यूयॉर्कला जाणारा प्रवासी कॉफी पिता पिता इटलीच्या कित्येक शतकांच्या कलेतून फिरून यायचा. त्याच दालनात बोट ज्याच्या नावाची, त्या सोळाव्या शतकातल्या दर्यासारंगाचा जोव्हान्नी पागानिन याने घडवलेला ब्राँझचा पुतळा उभा होता.

आणि ती राशींची खोली. पॉन्तीने पिएरो फोर्नासेत्तीला बरोबर घेऊन एक केबिन अशी सजवली की तिच्यात एकही जागा कोरी नव्हती. भिंती, कपाटं, पडदे, पलंगपोस, खुर्च्यांची कापडं, सगळीकडे राशिचक्र, तारे, नक्षत्रं. फोर्नासेत्तीची हातोटी छापकामाची. तो रेखाचित्रं कागदावर छापून ती लाकडावर, धातूवर उतरवायचा, त्यामुळे कपाटाचं दार आणि त्याच्या मागची भिंत एकाच चित्राचे तुकडे वाटायचे. आता या खोलीत झोपलेल्या माणसाचा विचार करा. खाली डोलता समुद्र, दिवा मालवला की खिडकीबाहेर खरे तारे, दिवा लावला की भिंतीवर चितारलेले. जुने खलाशी ताऱ्यांवरून वाट काढत. पॉन्तीने ती गोष्ट एका केबिनमध्ये आणून ठेवली.

२५ जुलै १९५६ च्या रात्री अमेरिकेच्या नॅनटकेट बेटाजवळ दाट धुक्यात 'स्टॉकहोम' या स्वीडिश बोटीने 'आंद्रेआ दोरिया'च्या उजव्या बाजूला धडक दिली. बोट इतकी कलली की डाव्या बाजूच्या जीवरक्षक होड्या खाली सोडता येईनात. तरी ती सुमारे अकरा तास तरली आणि मदतीला धावलेल्या बोटींनी सोळाशेहून अधिक माणसं वाचवली. तिच्यावरची ४६ माणसं मात्र गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती साधारण ७५ मीटर खोल तळाशी गेली. फ्यूमेचं शहर आणि राशींची खोली तिच्याबरोबर गेली. १९६४ मध्ये पाणबुड्यांनी दर्यासारंगाचा पुतळा वर आणला, पण त्यासाठी तो घोट्यांपाशी कापावा लागला. पावलं तेव्हा खालीच राहिली. १९९३ मध्ये ग्वीदो गाम्बोने याने घडवलेले चिनी मातीचे जड तक्ते वर आले. सदतीस वर्षं खाऱ्या पाण्यात राहूनही त्यांच्यावरची झिलई शाबूत होती. कॅनव्हास आणि लाकूड गेलं, भाजलेली माती टिकली. भट्टीतून निघालेल्या मातीला समुद्र काही करू शकला नाही.

ब्रिटनकडे वळताना आपण आपल्याच गोदीपाशी येतो. पी अँड ओच्या बोटी लंडनजवळच्या टिलबरी बंदरातून सुएझमार्गे मुंबईच्या बॅलार्ड पिअरला लागत. 'स्ट्रॅथमोर', 'स्ट्रॅथेडन', 'हिमालया', 'चुसान'. शिकायला विलायतेला जाणाऱ्या मराठी मुलांना काठावरून हार घालून निरोप द्यायची ती जागा. काहीजण इटलीच्या लॉइड त्रिएस्तीनो कंपनीची बोट धरत. १९५३ पासून 'आसिया' आणि 'व्हिक्टोरिया' या तिच्या जुळ्या बोटी मुंबईला येत. इटलीत उतरायचं आणि पुढे आगगाडीने लंडन. अनेकांनी आधुनिक युरोपीय खुर्ची, लपवलेला दिवा, सपाट रंगाची भिंत पहिल्यांदा पाहिली ती अशा बोटीवर, लंडनमध्ये नव्हे.

त्या दालनांशी ज्यांची खरी ओळख होती ते मात्र प्रवासी नव्हते. पी अँड ओच्या भोजनगृहांत वाढपी आणि केबिनचे कारभारी म्हणून मोठ्या संख्येने गोव्याचे लोक असत. गोव्यात त्यांना तारवटी म्हणतात. दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात ते मुंबईत धोबी तलाव भागातल्या आपापल्या गावच्या कुडांत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडांत राहत. डेकवर रत्नागिरीच्या किनाऱ्याचे खलाशी, त्यांच्यावर सारंग आणि टिंडेल हे मुकादम. कोणत्या टेबलाची कडा सैल झाली आहे, कोणत्या कठड्याचं पितळ रोज काळं पडतं, वादळात चित्राची कोणती चौकट कुरकुरते, हे या माणसांना माहीत होतं. बोटींच्या सजावटीवरच्या लिखाणात त्यांची नावं येत नाहीत. यायला हवी होती. रोज सकाळी ब्रासो लावून ती दालनं जिवंत ठेवणारे हात त्यांचेच होते.

पी अँड ओची जोडीदार ओरिएंट लाइन इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया बोटी चालवायची. तिथे कॉलिन अँडरसन हा संचालक होता, जो पुढे लंडनच्या टेट गॅलरीच्या विश्वस्त मंडळाचा अध्यक्ष झाला. त्याला बोटीत राजवाड्यांची नक्कल नको होती. १९३५ च्या 'ओरायन'साठी त्याने ब्रायन ओरॉर्क या वास्तुकाराला नेमलं. युद्धानंतरच्या 'ओरोन्से'वर एडवर्ड बॉडन या चित्रकाराने इंग्लंडमधल्या गावच्या पबचं हसरं भित्तिचित्र काढलं. घर सोडून ऑस्ट्रेलियाला कायमचे निघालेले लोक त्या बोटीवर असत. त्यांच्यासमोर चार आठवडे ते चित्र होतं. अशा चित्राला सजावट म्हणणं मला जड जातं.

१९६१ ची 'कॅनबेरा' हे ब्रिटिशांचं सर्वांत धीट पाऊल. तिची इंजिनं मध्यभागी न ठेवता मागच्या टोकाला नेली. धुराडी आणि यंत्रांच्या विहिरी मधल्या जागेतून हटल्या की काय होतं, ते वाड्याच्या मधला जिना काढून टाकल्यावर कळतं तसं. सलग, मोठी दालनं करता येतात. सजावटीचा प्रमुख होता ह्यू कॅसन. या बोटीत आतल्या केबिनींना उजेड मिळावा म्हणून एक युक्ती होती. बाहेरच्या खिडकीपासून आत एक बोळ यायचा आणि केबिनी त्याच्या दोन्ही बाजूंना पायऱ्यांसारख्या सरकत्या रचलेल्या, म्हणजे प्रत्येकीला त्या बोळाकडून दिवसाचा प्रकाश. वाड्यात चौकाभोवतीच्या खोल्यांना उजेड मिळतो, तीच कल्पना. त्याच बोटीवर किशोरवयीन मुलांसाठी एक खोली होती. तिच्या लाकडी भिंतींवर तापलेल्या सळईने जाळून चित्रं कोरायला कॅसनने कला महाविद्यालयातल्या एका विद्यार्थ्याला आणलं. त्याचं नाव डेव्हिड हॉकनी. पुढे तो ब्रिटनच्या सर्वांत मोठ्या चित्रकारांपैकी एक झाला. 'कॅनबेरा' १९९७ मध्ये पाकिस्तानातल्या गडानीच्या किनाऱ्यावर तोडायला गेली.

तिथून डच 'रॉटरडॅम' कडे पाहिलं की वर्गभेदाचा प्रश्न दिसतो. बोटीवर पहिला वर्ग आणि टुरिस्ट वर्ग एकमेकांना दिसू नयेत ही जुनी रीत. पण हिवाळ्यात हीच बोट सहलींवर न्यायची तर सगळे एकाच वर्गाचे. १९५९ च्या या बोटीत त्यावर जिन्यातून उत्तर काढलं. एकाच उभ्या विहिरीत दोन जिने एकमेकांत गुंफले, केसांच्या पेडांसारखे. एकावरून चढणारा दुसऱ्यावरच्याला भेटतच नाही. सरकते पडदे लावले की दोन वर्ग वेगळे, पडदे उघडले की सगळं एकच. ही बोट आज रॉटरडॅम शहरातच हॉटेल म्हणून उभी आहे. तो जिना चढता येतो आणि कूनो व्हान डेन स्टेने याचं समुद्राचं भलंमोठं भित्तिचित्र अजून जागेवर आहे. इटलीच्या 'कोंते ब्यांकामानो'चा पहिल्या वर्गाचा भाग मिलानच्या विज्ञान-तंत्रज्ञान संग्रहालयात आहे. तोही युद्धानंतर नव्याने सजवलेला.

ऑक्टोबर १९५८ मध्ये जेट विमानं अटलांटिकवर उडू लागली. काही तासांत लंडनहून न्यूयॉर्क. त्याच वर्षी अटलांटिक विमानाने पार करणारे बोटीने जाणाऱ्यांपेक्षा जास्त झाले. 'फ्रान्स' १९६२ मध्ये आणि 'क्वीन एलिझाबेथ २' १९६९ मध्ये निघाली, ती या उताराच्या वाटेवर. दुसरीत मायकेल इंचबाल्डने बोटीचे अटळ लोखंडी खांब उलट्या कर्ण्यांसारखे पांढरे शुभ्र फुलवले आणि बुटकं छत उंच भासवलं. १९६७ मध्ये सुएझ कालवा बंद झाला आणि मुंबईची ती वाटही संपत आली.

आता आगीच्या गोष्टीचा दुसरा भाग. न जळणाऱ्या भिंती कशाच्या केल्या होत्या? बहुतेक ठिकाणी ॲस्बेस्टॉसच्या. हा खनिज तंतू आगीला दाद देत नाही, हलका आहे, त्याचे तक्ते सहज कापता येतात. पण कापताना किंवा तोडताना उडणारे सूक्ष्म तंतू फुप्फुसात जातात, तिथेच राहतात आणि वीस-तीस वर्षांनी जिवावर उठतात. 'युनायटेड स्टेट्स' १९९२ मध्ये तुर्कस्तानला आणि पुढे सेवास्तोपोलला नेली आणि तिच्यातलं ॲस्बेस्टॉस काढलं. त्याबरोबर आत उरलेलं सगळं गेलं. ज्या भिंतींनी मार्कवाल्ड आणि अर्कहार्टची दालनं आगीपासून वाचवायची होती, त्यांच्यामुळेच ती मोडून काढावी लागली. फिलाडेल्फियाच्या धक्क्यावर ती पोकळ सांगाडा होऊन १९९६ पासून २०२५ पर्यंत उभी होती.

'फ्रान्स'चं नाव नंतर 'नॉर्वे' झालं, शेवटी 'ब्लू लेडी'. २००६ मध्ये ती गुजरातच्या अलंगला आली. तिच्यात हजार टनांहून अधिक ॲस्बेस्टॉस असल्याचा अंदाज मांडला गेला, खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि सप्टेंबर २००७ मध्ये तोडायला परवानगी मिळाली. तिच्या नाकाचा तुकडा परत फ्रान्सला गेला आणि २००९ मध्ये पॅरिसमध्ये त्याचा लिलाव झाला.

दारूखान्यातल्या त्या दुकानदाराला मी ते टेबल किती जुनं असेल असं विचारलं, तेव्हा त्याला ते सांगता आलं नाही. बोटीची भिंत आतून कशी असते, ते मात्र त्याने हाताने दाखवलं. वर सनमायका, त्याच्या मागे खडूसारखी पांढरी पाटी, तिच्या मागे लोखंड. तरुणपणी तो बोटींत शिरून या पाट्या पहारीने उपटायचा. दुपारपर्यंत खोलीत काही दिसेनासं व्हायचं, म्हणाला, इतकी पांढरी धूळ. तोंडाला रुमाल बांधायचो. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या दोघांची नावं त्याने घेतली, आणि मग टेबलाची पट्टी पुन्हा खाली पाडून ठेवली.